आवळा, कोहळा आणि दुसरा खिसा

१/२४
"कन्सोल तोट्यात विका, गेममधून वसूल करा. जिलेटने दाढीचे यंत्र फुकट वाटले आणि पात्यांवर साम्राज्य उभारले." इतिहासाच्या पानांवर हे वाक्य इतक्या वेळा वाचनात आले आहे, की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली आहे. मराठीत यालाच आपण आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतो. या थ्रेडमध्ये मी एवढेच दाखवणार आहे : जिलेटची गोष्ट खोटी आहे, कन्सोलची गोष्ट अर्धी आहे, आणि उरलेला अर्धा भाग आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे.

२/२४
प्रथम जिलेट. किंग कॅम्प जिलेट यांचे सेफ्टी रेझर १९०३ मध्ये बाजारात आले. त्या पहिल्या वर्षी ५१ यंत्रे आणि १६८ पाती विकली गेली. यंत्राची किंमत ५ डॉलर होती. तेव्हाच्या अमेरिकी कारखान्यातील कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा होता. याला फुकट वाटणे म्हणत नाहीत. ही सरळसरळ चैनीची वस्तू होती आणि चैनीच्याच भावाने विकली जात होती.

३/२४
जिलेटला पेटंट मिळाले १९०४ मध्ये. ते होते तोवर पाती दुसऱ्या कोणाला बनवता येत नव्हती. म्हणजे यंत्र स्वस्त देऊन पात्यांवर कमावण्याची संधी असेल, तर ती नेमकी याच काळात होती. पण कंपनीने यंत्राचा भाव चढाच ठेवला. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्याच वर्षी एका डॉलरचे यंत्र बाजारात आले. स्वस्ताई स्पर्धेच्या भयाने आली. ज्या सूत्राला त्यांचे नाव चिकटले आहे, ते सूत्र मक्तेदारीच्या ऐन भरात त्यांनी वापरलेच नाही.

४/२४
मग तोट्यात विकण्याचा खरा इतिहास कोणता? त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच सारा घोटाळा झाला आहे.
पहिला प्रकार आवळा-कोहळ्याचा. एका वस्तूवरचा तोटा तिच्या सोबतच्या दुसऱ्या वस्तूतून भरून काढायचा.
दुसरा प्रकार भाडेयुद्धाचा. प्रतिस्पर्धी थकून मरेपर्यंत तोटा सोसायचा आणि तो मेल्यावर भाव चढवायचा.
पहिल्यात हिशेबी बुद्धी लागते. दुसऱ्यात केवळ खोल खिसा लागतो.

५/२४
माझा दावा असा : कन्सोलच्या धंद्याची जाहिरात पहिल्या प्रकाराची होते, पण त्यातली बहुतेक मोठी युद्धे दुसऱ्या प्रकाराने लढली गेली. तिथे जो तगला, तो बहुधा शहाणा होता म्हणून तगला नाही. त्याच्याकडे त्या धंद्याबाहेरचा दुसरा खिसा होता. हे समजण्यासाठी जपान-अमेरिकेला जाण्याआधी मुंबई बंदरात जाऊ या. या गोष्टीचा नायक आपल्या शेजारचाच आहे.

६/२४
भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात, जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईहून पूर्वेकडे कापूस आणि सूत पाठवणाऱ्या गिरणीवाल्यांना व व्यापाऱ्यांना एकच काच होता : जहाजाचे भाडे. पी. अँड ओ. ही ब्रिटिश कंपनी आणि तिच्या दोन युरोपीय साथीदार कंपन्या आपसांत संगनमत करून दर ठरवीत. जपानकडे जाणाऱ्या मालाला टनामागे १९ रुपयांपर्यंत भाडे पडे. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी करार करून आले. टाटा लाइन जन्मली. भाडे ठरले टनाला १२ रुपये.

७/२४
पी. अँड ओ.ने उत्तर दिले ते चांगल्या सेवेने नव्हे. तिने भाडे टनाला दीड रुपयापर्यंत खाली आणले. जपानला जाणारा कापूस फुकट नेण्याचीही तयारी दाखवली. दीड रुपयात कोळशाचा खर्चसुद्धा निघणे शक्य नव्हते. पण पी. अँड ओ.पाशी जगभरचे इतर जलमार्ग होते आणि सरकारी टपाल वाहून नेण्याचे घसघशीत कंत्राट होते. मुंबई-जपान मार्गावरचे भोक ती त्या पैशाने बुजवीत होती. टाटा लाइनपाशी भाड्याने घेतलेली जहाजे होती आणि एकच मार्ग होता.

८/२४
ज्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी हा उद्योग मांडला होता, तेच स्वस्त भाड्याच्या मोहाने पी. अँड ओ.कडे वळले. वर्षभराच्या आसपास टाटा लाइन बंद पडली. आणि मग भाडे पुन्हा चढले. मोहात पडलेल्यांना दीड रुपयाचा आनंद काही महिने लाभला. त्याची भरपाई मात्र त्यांच्याच मालावर पुढे होत राहिली. निप्पॉन युसेन कैशा का टिकली? जपानच्या सूतगिरण्यांनी आपला कापूस तिच्याच जहाजांतून आणण्याची हमी दिली होती. तिलाही दुसरा खिसा होता. टाटांना नव्हता.

९/२४
हीच गोष्ट पुढे दोनदा घडली. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर स्वदेशी जहाज कंपनी काढली. ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकीट उतरवत उतरवत अखेर प्रवास फुकट केला आणि वर प्रवाशाला एक छत्री दिली, असे सांगतात. १९०८ मध्ये पिल्लै तुरुंगात गेले, १९११ मध्ये कंपनी मोडीत निघाली. पुढे १९१९ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सहभागाने सिंदिया कंपनी उभी राहिली, तेव्हाही हाच दरयुद्धाचा वरवंटा फिरला. सिंदियाचे भांडवल मोठे होते म्हणून ती वाचली. पण १९२३ मध्ये तिला ब्रिटिश कंपनीशी तह करावा लागला आणि आपल्या विस्तारावर मर्यादा स्वीकाराव्या लागल्या.

१०/२४
आता ही फूटपट्टी घेऊन कन्सोलच्या इतिहासाकडे या. फुकटची छत्री आणि कन्सोलसोबत फुकट येणारा गेम यांत फरक किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रत्येक प्रकरणात मी तीनच प्रश्न विचारणार आहे. कोहळा फक्त विक्रेत्याच्याच मळ्यात पिकतो का? आवळा नेणारा प्रत्येकजण कोहळ्याला परत येतो का? आणि तो येईपर्यंत पदरमोड करायला पदर केवढा आहे?

११/२४
पहिले प्रकरण १९८३ चे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. सत्तरच्या दशकात या कंपनीने गणकयंत्रांचे भाव इतके पाडले, की कमोडोर नावाची छोटी कंपनी बुडता बुडता वाचली. तिचे प्रमुख जॅक ट्रॅमिएल हा धडा विसरले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी चिप बनवणारी एक कंपनीच विकत घेतली. काही वर्षांनी घरगुती संगणकांच्या बाजारात दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा कमोडोरचा चिपचा खर्च घरचा होता. ट्रॅमिएल भाव पाडत गेले.

१२/२४
टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए हा संगणक १९८१ मध्ये ५२५ डॉलरला आला होता. १९८३ मध्ये तो ९९ डॉलरला विकला जाऊ लागला, उत्पादनखर्चाच्याही खाली. हिशेब होता आवळा-कोहळ्याचाच : यंत्रावर गमावू, कार्ट्रिजवर कमावू. त्यासाठी बाहेरच्यांच्या कार्ट्रिजना अडवण्याचीही खटपट झाली. परिणामी चांगले गेमच आले नाहीत आणि लोकांनी कार्ट्रिज फारशी घेतली नाहीत. १९८३ च्या एका तिमाहीत कंपनीला १० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस तिने हा धंदाच सोडला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, की पहिल्याचे उत्तर 'हो' असून उपयोग होत नाही.

१३/२४
पहिल्या प्रश्नाचा धडा अटारीने दिला. अटारीची कन्सोल घरोघरी पोहोचली आणि कमाई कार्ट्रिजवर होऊ लागली. १९७९ मध्ये तिथले चार नाराज प्रोग्रॅमर बाहेर पडून ॲक्टिव्हिजन या कंपनीत एकत्र आले आणि त्याच कन्सोलसाठी गेम बनवू लागले. अटारी कोर्टात गेली, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि दार कायमचे उघडले. मग जो तो गेम काढू लागला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी गत झाली. १९८३ या एका वर्षात अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला.

१४/२४
निन्टेन्डोने हे पाहिले आणि अमेरिकेतल्या आपल्या कन्सोलमध्ये १९८५ मध्ये कुलूपच बसवले : परवानगीची चिप नसलेले कार्ट्रिज चालायचेच नाही. लक्षात घ्या, ज्या कंपनीचे कुलूप सर्वांत भक्कम, तिने यंत्र तोट्यात विकण्याचे मात्र सहसा टाळले. अपवाद घडला २०११ मध्ये. थ्रीडीएस हे हातातले कन्सोल खपेना, म्हणून सहा महिन्यांच्या आत जपानमधली किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणली गेली आणि ते तोट्यात गेले. ते आर्थिक वर्ष निन्टेन्डोने ४३.२ अब्ज येनच्या तोट्याने संपवले. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्याने कापून घेतला.

१५/२४
आता सेगा. या विषयावर लिहिणारे तिला बहुधा 'चुकांची मालिका' म्हणून निकालात काढतात. मला ती टाटा लाइनची बहीण वाटते. सेगाचे ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आले. किंमत १९९ डॉलर. यंत्र सुरेख होते, इंटरनेट जोडणीची सोय आत होती, गेम उत्तम होते. पण त्या किमतीत यंत्राचा खर्च भरून निघत नव्हता, आणि समोर सोनी होती. सोनीच्या हाती दूरचित्रवाणी संच होते, संगीत होते, चित्रपट होते, पहिल्या प्लेस्टेशनचा नफा होता.

१६/२४
मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ जपानात आले आणि सोबत डीव्हीडीही चालवू लागले. सेगाने भाव आणखी पाडला, म्हणजे प्रत्येक यंत्रामागे खड्डा आणखी खोल केला. त्याच वर्षी साध्या सीडीवर उतरवलेले चोरटे गेम ड्रीमकास्टवर चालू लागले. आवळा गेला आणि कोहळाही चोरीला गेला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. मार्च २००१ अखेरच्या वर्षातला निव्वळ तोटा होता ५१.७ अब्ज येन.

१७/२४
सेगा पूर्ण बुडाली नाही, याचे कारण तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा. त्यांनी सेगाला दिलेली कर्जे माफ केली आणि स्वतःचे समभाग कंपनीला देऊन टाकले. सर्व मिळून ही रक्कम ६९ कोटी डॉलरहून अधिक होती. मार्च २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. इथे क्षणभर थांबावे. ज्या 'सूत्राने' कंपनी आपोआप नफ्यात यायची होती, त्या सूत्राचे बिल अखेर एका मृत्युपंथाला लागलेल्या वृद्ध माणसाने स्वतःच्या संपत्तीतून भरले.

१८/२४
त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे पहिले एक्सबॉक्स आले, २९९ डॉलरला. ते प्रत्येक यंत्रामागे तोटा सोसत होते आणि पहिल्या पिढीचा एकूण तोटा सुमारे ४ अब्ज डॉलर मानला जातो. सेगाच्या तोट्याच्या कित्येक पट! तरी मायक्रोसॉफ्ट बुडाली नाही, कारण विंडोज आणि ऑफिसच्या कमाईतून तिच्या तिजोरीत तेव्हा ४० अब्ज डॉलरहून अधिक रोकड पडून होती. २००७ मध्ये पुढच्या एक्सबॉक्समधल्या बिघाडांसाठी आणखी १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली, तीही तिने काढली. २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात एक्सबॉक्सच्या एका उपाध्यक्षांनी शपथेवर सांगितले, की कंपनीने कन्सोलच्या विक्रीवर कधीच नफा कमावलेला नाही.

१९/२४
"मग सोनी?" असा प्रश्न येईल. सोनीनेही खड्डा पाहिला आहे. २००६ चे प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ५९९ डॉलरला होते आणि एका बाजार-संशोधन संस्थेच्या अंदाजाने त्याच्या सुट्या भागांचा व जुळणीचा खर्च ८४० डॉलर होता. मार्च २००७ अखेर सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३२.३ अब्ज येन झाला, पुढच्या वर्षी आणखी १२४.५ अब्ज. आणि स्वस्त यंत्र कोण नेईल याचा भरवसा नसतो. अमेरिकी हवाई दलाने १,७०० हून अधिक प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून महासंगणक बनवला. त्यावर एकही गेम विकला गेला नसणार, हे सांगायला नको. आपल्याकडेही फेरफार केलेले प्लेस्टेशन २ आणि रस्त्यावरची चोरटी डिस्क ही जोडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून लहान शहरांपर्यंत सर्वांच्या परिचयाची होती.

२०/२४
विरुद्ध पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे मी टाळणार नाही. ते असे : चिप वर्षागणिक स्वस्त होतात, म्हणून आज तोट्यात जाणारे यंत्र दोन वर्षांनी नफ्यात येते. हे खरे आहे. प्लेस्टेशन ५ च्या मुख्य आवृत्तीबाबत ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीने तसे सांगितलेही. पण मग हे जिलेटचे सूत्र राहत नाही. हे झाले उद्याच्या स्वस्त चिपच्या भरवशावर काढलेले कर्ज. आणि तो भरवसाही आता डळमळला आहे. पूर्वी कन्सोल जुने झाले की स्वस्त होई. प्लेस्टेशन ५ ची किंमत ऑगस्ट २०२२ मध्ये अनेक देशांत वाढली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतही वाढली. कर्जाचा आधारच सरकला, तर हप्ता कोण भरणार?

२१/२४
उत्तर समोर आहे. गेम विकत घेणारा भरतो : कन्सोलवरील ऑनलाइन दुकानातून होणाऱ्या विक्रीचा साधारण ३० टक्के वाटा कंपनी कापून घेते. वर्गणीदार भरतो : एक्सबॉक्सच्या गेम पासची सर्वांत वरची वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत महिना २० डॉलरवरून ३० डॉलर झाली. आणि गेम बनवणारा भरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातल्या १,९०० जणांना घरी पाठवले. ज्या ॲक्टिव्हिजनने १९७९ मध्ये अटारीच्या मक्तेदारीचे दार फोडले, ती अखेर सर्वांत खोल खिशाच्या मालकीची झाली. पी. अँड ओ.च्या दीड रुपयाचा उत्तरार्ध असाच असतो.

२२/२४
"कायदा आहे ना?" आहे, पण त्याची नजर दुसऱ्या खिशावर क्वचितच जाते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने फुकट सेवा सुरू केली. एअरटेलची तक्रार स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये फेटाळली : जिओचा बाजारातला हिस्सा तेव्हा लहान, म्हणजे ती वर्चस्व असलेली कंपनी ठरत नाही, आणि म्हणून तिचा भाव गळेकापू ठरत नाही. कायद्याच्या अक्षरात ते बसत असेल. पण मधल्या काळात एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विरली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. मग डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशी दरवाढ होत गेली. मुंबई बंदरातल्या व्यापाऱ्यांना हा क्रम ओळखीचा वाटला असता.

२३/२४
हे सारे भंडाऱ्यात बसून का सांगायचे? कारण जिलेटच्या खोट्या गोष्टीचे खरे गिऱ्हाईक इथे आहे. तुमसर, साकोली, पवनी, लाखनी इथला एखादा तरुण बापाच्या धानाच्या पैशावर दुकान काढतो आणि मोबाइलवर ऐकतो : "पहिली दोन वर्षे तोट्यात विक, गिऱ्हाईक बांधले जाईल." मोहाडी-आंधळगावचा कोसा विणणारा विणकर सुताच्या किमतीखाली लुगडे विकत नाही. त्याला कोणी मागासलेला म्हणेल. मी म्हणतो, त्याला हिशेब कळतो. त्याच्या लुगड्यामागे कुठलेही कार्ट्रिज नाही, कुलूप नाही, आणि घरात विंडोजची तिजोरी नाही. त्याचा तोटा म्हणजे त्याच्याच घरच्या चुलीतली लाकडे. पी. अँड ओ.चे डावपेच टाटा लाइनच्या ऐपतीवर खेळायला सांगणारा सल्लागार हा इतिहासाचा अडाणी वाचक आहे, मग त्याचे अनुयायी कितीही लाख असोत.

२४/२४
म्हणून वाचकहो, यापुढे "तोट्यात विकून साम्राज्य उभारले" अशी कथा समोर आली, की तिच्या नायकाच्या हुशारीला दाद देण्याआधी त्याचा दुसरा खिसा शोधा. तो टपालाच्या कंत्राटात असेल, विंडोजमध्ये असेल, नाहीतर एखाद्या ओकावांच्या मृत्युपत्राआधीच्या दानात असेल. मग त्याच लढाईत दुसरा खिसा नसलेले कोण कोण मेले, त्यांची नावे शोधा. विजेत्यांचे डावपेच लिहून ठेवायला पगारी माणसे असतात. हरलेल्यांची हिशेबवही उघडण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आहे. आवळा कोण देतो आहे यापेक्षा त्याची बाग कुणाच्या पाण्यावर पिकते, हे विचारायला आपण शिकलो, तरी या थ्रेडचे चीज झाले.
थ्रेड समाप्त. मतभेद असतील तर आकड्यांसह मांडावेत, त्यांचे स्वागतच आहे.